खुडूक पेटी

खुडूक कोंबडीसारखी अंडी उबवणाऱ्या पेटीतला बल्ब सकाळी पेटला तो विझेचना. रुख्मिणीनं झाकण उचललं तर कढत वाफ तोंडावर आली. तिनं बटण बंद केलं.

आत पिल्लं निघायच्या बेताला आलेली अंडी होती. ऊब वाढली की पिल्लू आतच शिजतं, सरली की गारठतं. ती ऊब सांभाळायचं काम एका चिपचं. पेटी घडवली लेकीनं, भूमिकानं. शहरात, प्रताप नगरच्या खोलीत चिपमध्ये प्रोग्रॅम भरून तिनंच ती कुहीला, घरी आणली होती, आणि रुख्मिणीनं तेव्हा ओवी जोडली होती:

खुडूक गं माझी पेटी, बसली कोपऱ्यात
बिनपंखांची ही माय, ऊब तिच्या पोटात

पहाटे विजेच्या लाइनचा झटका आला आणि मायेचं काळीज, ती चिप, जळालं.

भूमिका सुटीला घरीच होती. एक कोरी चिप होती, प्रोग्रॅम भरायची यूएसबीची कांडी होती, प्रोग्रॅम पेन ड्राइव्हमध्ये होता. नव्हता तो तिचा लिनक्सवाला लॅपटॉप. धाकट्या भावाचा, जितेंद्रचा होता, विंडोजचा.

तिनं बल्ब सरळ बटणाला जोडला. "आई, तापमापकाचा काटा या खुणेच्या वर गेला की बंद. खाली आला की चालू."

"म्हंजे आता मीच चिप."

ती बटणावर बोट ठेवून काट्याकडं बघत बसली.

भूमिकाच्या लॅपटॉपवर एका ओळीच्या हुकमात सारं आलं असतं. इथं प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर वेगळा, चिपमध्ये भरायचं टूल वेगळं, कांडीचा ड्रायव्हर वेगळा. सगळं फुकट, पण मोबाइलच्या नेटवर थेंबथेंब उतरणारं.

"काहून थांबली वं?"

"उतरून राहिलं, आई."

एकदाचं सगळं बसलं. भूमिकानं प्रोग्रॅम तयार करायला घेतला आणि लाल ओळ आली. फाइल सापडत नाही. फाइल तर डोळ्यांसमोर होती. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तेवढ्यात रुख्मिणी बटण बंद करायला चुकली, काटा खुणेच्या वर चढला. तिनं झटकन बंद केलं.

"भूमे, मीच मारतो की काय या पिल्लाइले."

भूमिकानं लाल ओळ शेवटपर्यंत वाचली. फाइलच्या पत्त्यात भावाच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

"जितू, लॅपटॉपच्या खात्याले नाव काय देलं तू?"

"माझंच. मराठीत. इंग्रजीत तर सारेच लिहितात."

"तेच वाचता येऊन नाही राहिलं या टूलले."

"मंग त्याले शिकव ना ताई, माझं नाव काहून बदलते?"

तिनं फोल्डर दुसरीकडे हलवलं. तरी तीच ओळ. टूल आपल्या कच्च्या फाइली भावाच्याच नावाच्या घरात, म्हणजे त्याच्या खात्याच्या फोल्डरात, ठेवू पाहत होतं. मग इंग्रजी अक्षरांतल्या नावाचं नवं खातंच उघडावं लागलं.

"नाव काय देऊ?"

"कोंबडी दे," जितेंद्र तोंड पाडून म्हणाला.

कोंबडीच्या घरात प्रोग्रॅम बिनबोभाट तयार झाला. आता चिपमध्ये भरायचा. चुकीची सेटिंग गेली की चिप कायमची मुकी होते, आणि दुसरी चिप नव्हती. ओठ हलवत भूमिकानं सेटिंगची ओळ वाचली, पुन्हा वाचली. तिनं डोळे मिटून एंटर दाबलं.

पडद्यावरची पट्टी सरकली. भरली.

चिप पेटीत बसली, बल्ब पुन्हा तिला जोडला. बल्ब पेटला. काटा चढला, खुणेला टेकला, आणि बल्ब आपला आपण विझला.

"सोड आता बटण, आई."

रुख्मिणीनं सोडलं नाही. दुसऱ्या हातानं तिनं एक अंडं उचलून कानाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग लेकीला दिलं.

भूमिकाला ठोके ऐकू आले. तिला वाटलं, हे तर माझंच काळीज. तिनं श्वास धरला. ठोके तसेच चालू राहिले, तिचेच.

मग त्या ठोक्यांच्या मधेच, अगदी बारीक, कोणीतरी अंड्याच्या आतून ओरखडा काढला.

"आई," ती म्हणाली. "बाकीची अंडी दे. एकेक करून दे."