करकोच्यांचा पेटारा

मित्रांनो, मी एक जुना पेटारा आहे. काळ्या लाखेचा, शिंपल्याच्या नक्षीचा. म्हणजे, नक्षीचा होतो. आता अंगावर नुसते खळगे आहेत, तेव्हा बघून हसू नका.

माझा जन्म थोंगयोंगचा, दक्षिणेच्या समुद्राकाठचा. कारागिरानं कागदासारखा पातळ शिंपला घेतला, बारीक करवतीनं त्याचे करकोचे कापले, हरणं कापली आणि एकेक माझ्या अंगावर बसवलं. मग मालसुन नावाच्या मुलीचं लग्न झालं आणि पोटात नव्या गाद्या-पांघरुणं घेऊन मी तिच्याबरोबर सासरी गेलो.

मालसुन बाजारात कालवं विकायची. घरी आली की आधी हात स्वच्छ धुवायची, मग मला पुसायची. शेजारीण म्हणायची, "अगं, नवऱ्याकडे तरी कधी इतकं लक्ष दिलंस का?"

"तो कुठे चमकतो?" मालसुन म्हणायची.

तेव्हा मी फार गर्वात होतो. तिची मुलगी बोरिम माझ्यात लपायची, पांघरुणांत शिरून. आतल्या अंधारात आपल्याला काय काय दिसलं ते ती आईला सांगत सुटायची आणि आई म्हणायची, "बाहेर ये आधी, जेवण निवतंय."

पुढे नवरा गेला, घर पाडलं गेलं आणि मालसुन मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेली. तिथे सगळ्या भिंती पांढऱ्या कपाटांनी आधीच अडलेल्या. सून म्हणाली, "सासूबाई, याच्यामुळे खोली अंधारते हो." मग बोरिम सोल शहरातून टेम्पो घेऊन आली.

"माझ्याकडे राहू दे, आई."

"राहू दे. पण माझी स्वतःची खोली झाली की मी घेऊन जाईन. तोवर सांभाळ हं."

बोरिम फोटो काढते, पण आपण लग्नात काढतो तसे नाही. तळघरातल्या एका खोलीत ती महिनोन्‌महिने खपते. कधी कागदी फुलांचं रान उभं करते, कधी छताला उलटा टांगलेला शाळेचा वर्ग. मग स्वतः त्यात जाऊन बसते आणि फोटो घेते. संगणकाची लबाडी तिला अजिबात चालत नाही, दिसतं ते सगळं हातानं केलेलं. फोटो झाला की तोडफोड, कारण पुढच्या स्वप्नालाही खोली तीच. मी कोपऱ्यात चादरीखाली होतो. वाटायचं, आपण इथे पाहुणे, आपल्या केसालाही धक्का लागायचा नाही.

त्या वर्षी तिला रात्रीचा समुद्र हवा होता. निळ्या कापडाच्या लाटा झाल्या, पण पाण्यावरचं चांदणं काही जमेना. काच लावली, प्लास्टिक लावलं, आरशाचे तुकडे लावले. सगळं खोटं दिसे. एका दुपारी तिनं माझी चादर काढली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मित्रांनो, मला वाटलं, ही मला पुसणार.

तिनं मला वाफ दिली आणि पातळ सुरीनं पहिला करकोचा उचकटला. रडत होती, हे खरं. पण हात काही थांबला नाही. मागोमाग हरणंही गेली. त्या सगळ्याचे तुकडे तिनं लाटांवर चिकटवले आणि मधोमध डोळे मिटून पडून राहिली. फोटो झाला. समुद्र मोडला आणि माझे तुकडे कापडाबरोबर कचऱ्यात गेले. फोटो मात्र देशोदेशी गाजला. हे चांदणं कसं केलंत, असं कुणी विचारलं की बोरिम हसून विषय बदलायची.

एक दिवस मालसुन आली. हातात किमचीचा, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचा, डबा आणि मापाची टेप.

"मिळाली गं खोली!" ती दारातूनच म्हणाली. "छोटीशीच आहे, पण एक भिंत याच्यासाठी मोकळी ठेवलीय." तेवढ्यात तिला भिंतीवरचा फोटो दिसला. "अगंबाई, काय सुंदर चमकतोय समुद्र!"

"आई, तू आधी बस जरा..."

मालसुननं माझ्यावरची चादर ओढलीच. मग खळग्यांवरून बोट फिरवत राहिली. फोटोकडे एकदा वळून बघितलं आणि तिला सगळं समजलं.

"ओरड ना माझ्यावर," बोरिम म्हणाली. "मी नवी नक्षी बसवून घेते. अगदी तशीच."

"नको. ते करकोचे माझ्या ओळखीचे नसतील." ती खाली बसली. "विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं गं मी. दोघींनी मिळून काढले असते. एकेकाचा निरोप तरी घेतला असता."

आमच्याकडे मोठं सामान टाकून द्यायचं तर महापालिकेचा कागद आणून त्यावर चिकटवावा लागतो. माझे रिकामे खळगे तिला बघवत नव्हते म्हणून तो कागद मालसुननं स्वतः आणला. दोघींनी मला धरून फुटपाथवर ठेवलं. मालसुननं कागदाचे कोपरे नीट दाबून बसवले. बोरिमचा हात सवयीनं कॅमेऱ्याकडे गेला.

"याचा नको काढूस," मालसुन म्हणाली.

मित्रांनो, तुम्हीही समुद्र करा, रानं करा, लागेल तर मोडतोडही करा. मला जाण्याचं दुःख आहेच, पण तिला न विचारता करकोचे गेले त्याइतकं नाही. फक्त ज्याची वस्तू आहे, त्याला आधी विचारा. आधी विचारलं तर माणसं बहुतेक वेळा हो म्हणतात. नंतर त्यांना तेही म्हणता येत नाही.