गव्हाच्या दाण्यावरचे बुडबुडे

रविवारची प्रार्थना आटोपली आणि सार्डिनियाच्या डोंगरातलं ते अख्खं गाव मिंतोनियाच्या अंगणात लोटलं. मधोमध खुर्चीवर तिचा भाऊ एलियास. मेंढ्यांमागे डोंगर पालथे घालणारा माणूस. आता स्नायू झिजवणाऱ्या आजारानं हात मांडीवर पडलेले, मान कललेली. समोर नजर उतरवणारा बाकिस, पाण्याचा पेला, आणि पेल्यात गव्हाचे तीन दाणे.

"पहिल्या रविवारी दाण्यांना बुडबुडे कसे लगडले होते?" बाकिस म्हणाला. "एकेक बुडबुडा म्हणजे एकेक वाईट नजर. आज बघा."

दाणे तळाशी स्वच्छ पडले होते. गर्दीनं हात जोडले.

"नजर उतरली, आता रोग उतरेल. याच्या लारेंतूमामाला विचारा. तोच आजार, अन् इतकी वर्षं काठी टेकत हिंडतोय. कुणाच्या पाण्यानं?"

"तुमच्याच, काका," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"मग इस्पितळातला तो श्वासाचा मुखवटा कशाला? तोंड झाकलं की माझे शब्द आत शिरणार कुठून? मला काही नको बाबांनो. आभारसुद्धा मानू नका, गुण जातो." एवढं बोलून त्यानं मिंतोनियानं पुढं ठेवलेला चीजचा गड्डा बगलेत मारला.

अंगण रिकामं झालं. आता पुढच्या रविवारपर्यंत दाराशी चिमणीसुद्धा फिरकणार नव्हती. रोज घेवड्याचं कढण घेऊन येणारी शेजारची विधवा फिलुमेना, तिचीच नजर लागली असं बाकिसनं सांगितलं, आणि मिंतोनियानं तिच्या तोंडावर दार लावलं होतं. घरात दोघंच. एकाची जीभ जड झालेली, दुसरीला बोलायला कुणी नाही.

"झोपलो की... दम कोंडतो," एलियास म्हणाला. कोपऱ्यात मुखवटा खोक्यातच पडून होता.

दुसऱ्या दिवशी तिनं भाकरीसाठी गहू धुवायला घेतला. कोरडे दाणे पाण्यात पडले तसे दाण्यादाण्याला बुडबुडे चिकटले. चोळून पाणी बदललं, तर एकही नाही. तिचा हात पाण्यातच थांबला. पहिल्या खेपेला बाकिसनं दाणे मुठीतून टाकले होते. नंतर मात्र दरवेळी आधी तोंडात धरून मंत्र पुटपुटला होता.

ती तशीच ओल्या हातानं मामाकडे गेली.

"त्याचं पाणी मी यंदाच प्यायलो," लारेंतू म्हणाला. "माझा आजार पहिल्यापासूनच सावकाश चालतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आपल्या घराण्यात एक बिघडलेला जनुक पिढ्यान्पिढ्या उतरत आलाय. ज्याच्यात उतरतो त्याला आजार होतोच असं नाही. झाला तरी चाल ज्याची त्याची. दुसरे जनुकही त्यात ढवळाढवळ करतात. सगळं त्यांनाही उमगलेलं नाही. तुझ्या आईचा धावत आला, माझा रांगतोय."

"मग गप्प का बसलास, मामा?"

"अगं, बाकिसनं माझं नाव घेतल्यापासून लोक मला बघायला येतात. त्याआधी कोण येत होतं?"

तिला रागावताच आलं नाही.

रविवारी पुन्हा अंगण भरलं. मिंतोनियानं दोन पेले मांडले. एकात कोरडा दाणा टाकला, बुडबुडे लगडले. दुसरा दाणा तोंडात घोळवून टाकला. नुसता तळाशी गेला.

"मला तर मंत्र येत नाही," ती म्हणाली. "कोरड्या टरफलाला हवा चिकटते. थुंकीनं ओलं झालं की नाही चिकटत."

"शब्दांची थट्टा करतेस? भोगशील," म्हणत बाकिस चीजचा गड्डा उचलून उठला.

"भोगतेच आहे, काका. चीज ठेवून जा."

कुणी हसलं, कुणी वाटेला लागलं. एका बाईनं विचारलं, "मग आता बरा कशानं होणार हा?"

"बरा नाही होणार. या आजाराला अजून औषध सापडलं नाही. पण मुखवट्यानं झोप लागेल, श्वास पुरेल, दिवस वाढतील. नजर कुणाचीच नाही. रक्तातून आलंय, त्यात दोष कुणाला द्यायचा? विचारायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि डोळ्यांपुढं घडतं ते स्वतः करून बघा. अन् यायचं असेल तर चमत्कार नसतानाही या."

लोक पांगले. तिनं एलियासला मुखवटा बांधला, त्याचा श्वास लयीत येईपर्यंत जवळ बसली. मग फिलुमेनाच्या दाराशी गेली. कडी वाजवली.

दार उघडलं. फिलुमेना उंबऱ्यात उभी होती.

"कढण गार झालंय," ती म्हणाली. "थांब, गरम करून आणते."