कोमाद्रेने भाव पाडलेला कॅमेरा

बेनिताने आजवर एकही मोठी वस्तू तोमासाशिवाय विकत घेतली नव्हती. भाव पाडावा तर तोमासानेच. त्यामुळे दुकानात कॅमेरे बसवायचं ठरलं तेव्हा तिची पंचाईत झाली. जिच्यावर नजर ठेवायला कॅमेरे घ्यायचे, तिलाच खरेदीला न्यायचं कसं? न न्यावं तर ती शंभर प्रश्न विचारणार. शेवटी बेनिताने तिला बरोबर घेतलंच.

डोंगरावरच्या एल आल्तो शहराच्या बाजारात बेनिताचं टोप्यांचं दुकान होतं. बायका सणासमारंभात मिरवतात त्या गोल माथ्याच्या फेल्टच्या टोप्या. तोमासा अकरा वर्षं तिच्या शेजारी स्टुलावर बसत होती. बेनिताच्या लेकीची ती धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत, आणि हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा घट्ट. आता गेल्या दोन महिन्यांत मागच्या फळीवरच्या तीन उंची टोप्या नाहीशा झाल्या होत्या. दुकानात तिसरं माणूस नाही. विचारावं तर अकरा वर्षं एका वाक्यात संपणार, न विचारावं तर घास गिळवत नाही. तोंडाने विचारण्यापेक्षा यंत्राने विचारलेलं बरं, असं बेनिताने ठरवलं. भित्र्या माणसांना यंत्रं फार आवडतात.

रोपवेने दोघी खालच्या ला पाझ शहरात आल्या आणि कॅमेरे विकणाऱ्या रोक्सानाच्या गाळ्यात शिरल्या.

"स्वस्तातलं दाखव," बेनिता म्हणाली.

रोक्सानाने एक काळा कॅमेरा पुढे केला. "हा नुसता दिखाऊ. आत काही नाही, लाल दिवा तेवढा लुकलुकतो. चोर घाबरतो."

"घाबरेल, पण सापडेल का?" तोमासा म्हणाली. "त्यापेक्षा दारात मातीचा कुत्रा बसवते मी. पुढचा?"

"हा बल्बसारखा लावायचा. फोनवर सगळं दिसतं. इंटरनेट मात्र लागतं."

"आमच्याकडे जरा वारा सुटला की इंटरनेट जातं. पुढचा?"

मग निघाला दोन कॅमेऱ्यांचा संच. सोबत रेकॉर्डरची पेटी, आठवडाभराचं चित्र साठवणारी, आवाजासकट. बेनिताला हाच हवा होता, पण किंमत ऐकून तिचा चेहरा उतरला. तोमासाने बाह्या सरसावल्या आणि नेहमीच्या दुकानदारणीला मारतात ती लाडीगोडीची हाक मारली.

"कासेरा, आम्ही टोप्या विकतो, बँक चालवत नाही. निम्म्यात दे."

"निम्म्यात? माझे डोळेच काढून ने ना!"

"तुझे डोळे नकोत, हे दोन पुरेत. आणि वायर वर फुकट दे."

अर्ध्या तासाने रोक्सानाने हात टेकले. वायर वर दिली, बसवायलाही स्वतः येते म्हणाली. ती आली तेव्हा जागाही तोमासानेच दाखवली. "एक दाराकडे. दुसरा इथे, मागच्या फळीकडे तोंड करून. उंची माल तिथेच असतो." निर्दोष माणूस असं बोलतो की पोचलेला चोर, बेनिताला काही उमगेना.

आला महिन्याचा पहिला शुक्रवार, पूजेचा दिवस. ट्रक असो की शिवणयंत्र, नव्या वस्तूची चाल्या, म्हणजे बिअर शिंपडून पूजा, केल्याशिवाय ती लाभत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. तोमासाने रंगीत कागदांचे तुकडे उधळले, बिअरची बाटली फोडली, पहिला घोट धरणीमातेला, पाचामामाला म्हणून जमिनीवर ओतला, मग कोपऱ्यांत, मग थेट रेकॉर्डरवर. "हात आखडला तर यंत्रही काम आखडतं," असं म्हणत तिने जरा जास्तच ओतली. पेटीतून चर्र आवाज आला आणि तिला जोडलेला पडदा काळा झाला.

'मुद्दाम!' बेनिता मनात ओरडली.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन दोघी पुन्हा रोक्सानाकडे. तिने झाकण उघडून वास घेतला आणि कपाळावर हात मारला. "कॅमेऱ्यावर शिंपडा, दारावर शिंपडा, पण याच्या भोकांत ओतू नका गं बायांनो! पहिल्या शुक्रवारनंतर दर महिन्याला माझ्याकडे ही रांग." तिने पेटी पुसली, वाळवली, एक भाग बदलला. "नशीब, साठवलेलं वाचलंय. बघा."

पडद्यावर तोमासा दिसली. बाटली हातात, डोळे मिटलेले. आवाज स्वच्छ येत होता: "पाचामामा, माझ्या कोमाद्रेचं दुकान भरलेलं राहू दे." मागे स्टुलावर बेनिता. तिचं लक्ष ना बिअरकडे, ना टोप्यांकडे. तिचे डोळे तोमासाच्या हातांना चिकटलेले. रोक्सानाने चित्र मागे नेलं. गुरुवार, तेच. बुधवार, तेच. तोमासा जेवतेय, टोप्या पुसतेय, आणि बेनिता तिचे हात बघतेय.

"कोमाद्रे," तोमासा हळूच म्हणाली, "माझ्याकडे अशी का बघतेयस तू?"

बेनिताला कुठे तोंड लपवावं कळेना. "त्या... तीन टोप्या..."

"कोंदोरींकडे गेलेल्या? अगं, त्यांच्या घरच्या लग्नात तिसऱ्या ग्लासानंतर उठून उभी राहिलीस आणि नवरीच्या तिन्ही मावश्यांना एकेक टोपी आयनीचा आहेर म्हणून कबूल केलीस! आपल्या पोरीच्या लग्नात त्या फेड करतील म्हणून. तू नसताना एकेक येऊन घेऊन गेली."

"मग मला बोलली का नाहीस?"

"चारचौघांत दिलेल्या शब्दाची आठवण करून द्यायची म्हणजे माणसावर अविश्वास दाखवायचा. तुझ्यावर कसा दाखवू मी?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आयुष्यात बेनिताला इतकी लाज कधी वाटली नव्हती. "विचारायची हिंमत नाही झाली गं," ती कशीबशी म्हणाली.

"आणि माझ्याकडून घासाघीस करून घ्यायची झाली?"

रोक्साना खाकरली. "हे पुसून टाकू का?"

"तिला विचार," तोमासा म्हणाली. शाल खांद्यावर ओढून ती चालू लागली, बेनितासाठी न थांबता.

बेनिताने पेटी उराशी धरली आणि गर्दीतून धावत सुटली. "कोमाद्रे! थांब ना गं!" चार माणसांनी वळून पाहिलं. तोमासा थांबली नाही. पण पुढच्या वळणापाशी तिने चाल थोडी कमी केली.