म्हशींसकट लग्न

फोटोमामांचा लॅपटॉप म्हातारा झालाय, हे मामांना सोडून सगळ्यांना मान्य होतं. लॅपटॉपलासुद्धा. रोज सकाळी पडद्यावर सूचना यायची की या मशीनवर नवी सिस्टिम चालणार नाही, नवीन मशीन घ्या. मामा चष्मा लावून ती वाचायचे, "बरं" म्हणायचे आणि बंद करून टाकायचे. चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस. चालती वस्तू टाकून देणं त्यांच्या हातून कधी झालंच नाही.

पण सोमवारी सिस्टिमने आपलं आपणच काहीतरी बदललं आणि मामांच्या निगेटिव्ह स्कॅन करायच्या स्कॅनरला लॅपटॉप ओळख दाखवेना. हे उपकरण आता चालत नाही, एवढंच उत्तर. स्कॅनर ठणठणीत होता. दिवा लागत होता, घरघर चालू होती, फक्त त्याच्याशी बोलायला कुणी तयार नव्हतं. आणि मामांना तो रविवारच्या आत हवा म्हणजे हवाच होता.

रविवारी ताई जाणार होती. मामांची थोरली बहीण. भावजी गेल्या वर्षी गेले आणि आता ती कायमची लेकीकडे, दूरच्या गावी राहायला निघाली होती. सामान बांधताना सहज म्हणाली, "ह्यांचा तरुणपणचा एक तरी फोटो हवा होता रे. आमच्या लग्नाच्या रोलला नेमका उजेड लागला." मामांनी मान हलवली आणि नुकतंच बांधलेलं खोकं उगाच पुन्हा बांधायला घेतलं.

रोलला उजेडबिजेड काही लागला नव्हता. अट्ठेचाळीस वर्षं तो मामांच्या खणात, बटणांच्या डब्याच्या तळाशी सुखरूप होता.

झालं होतं असं. रोल संपला की तो गुंडाळताना फिल्मचं टोक थोडं बाहेर ठेवायची मामांना सवय. मामा त्याला जीभ म्हणायचे. जीभ बाहेर असली की पुढे धुताना बरं पडतं. वाईट एवढंच, की जीभ बाहेर असलेला वापरलेला रोल आणि कोरा रोल शेजारी ठेवले तर ब्रह्मदेवालाही फरक कळायचा नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी तरुण फोटोमामा जनावरांच्या प्रदर्शनात गेले आणि बक्षीसपात्र म्हशींचे छत्तीस फोटो काढून आले. दुसऱ्या दिवशी तोच रोल त्यांनी कॅमेऱ्यात घातला आणि त्यावर सख्ख्या बहिणीचं लग्न काढलं.

धुतलेली फिल्म उजेडाला धरली तेव्हा नवरीच्या मांडीवर एक थोबाड दिसलं. मामांनी फिल्म डब्यात कोंबली आणि घरी तोंड पाडून थाप मारली. ती सगळ्यांना पटली. ताईने तर उलट त्यांचीच समजूत काढली, आणि तेच त्यांना आयुष्यभर खुपत राहिलं.

आता मामांना एकच आशा होती. छत्तिसांत एखादा तरी फोटो बिनम्हशीचा निघेल. तो ताईला द्यायचा, बाकीचं आपल्याबरोबर वर न्यायचं. बाहेर कुणाकडे स्कॅन करायला देणं शक्यच नव्हतं. गावभर झालं असतं.

बुधवारी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. काम संपवून हात पुसत बाहेर येतो, तर मामा लॅपटॉपपुढे गाल फुगवून बसलेले. प्लंबरने सगळं ऐकून घेतलं आणि हत्यारांच्या पेटीतून, वायसरच्या पुडीशेजारून, एक पेनड्राइव्ह काढला. त्याला कबुतरांचा नाद होता. कुठलं कबुतर किती वाजता परतलं याची नोंद ठेवायला त्याने खुराड्याशेजारी मामांच्याहूनही म्हातारा कॉम्प्युटर लावला होता, आणि तो म्हणे ओपन सोर्स सिस्टिमवर उड्या मारत होता. तिची आतली सगळी मांडणी उघडी असते. कुणीही बघावी, दुरुस्त करावी, दुसऱ्याला द्यावी. मामांनी विचारलं की नळ जोडणाऱ्याला हे कशाला हवं.

"मामा, दिवसभर मी सीलबंद नळ बघतो," प्लंबर म्हणाला. "वायसर गेला तरी अख्खा नळ फेका म्हणतात. घरी तरी झाकण उघडता येईल असं काहीतरी हवं ना."

जुनं काही न पुसता त्याने सिस्टिम पेनड्राइव्हवरूनच चालू करून दाखवली. स्कॅनर जोडला, आणि पडद्यावर त्याचं नाव आलं, मॉडेलच्या आकड्यासकट. मामांना जुना मित्र बाजारात भेटल्यासारखं झालं. त्यांनी लगेच चहा टाकला.

चहा होईपर्यंत पहिला स्कॅन आला. काळाकुट्ट. मामांचा चेहराही तसाच झाला. प्लंबरने मात्र स्कॅनर चालवणारी फाइल उघडली. तिच्यात एका आकड्यावर ती लिहिणाऱ्याने टीप ठेवली होती, ती त्याने मामांना वाचून समजावली. त्या माणसाकडे हा स्कॅनर नव्हता. मित्राच्या घरी जाऊन दोनदा पाहून त्याने दिव्याचा आकडा अंदाजाने टाकला होता. एकदा चुकला, लोकांचे फोटो काळे आले, त्याबद्दल त्याने माफी मागितली होती. अजूनही चुकलेला असू शकेल, बरोबर आकडा सापडला तर कळवा, असं लिहून खाली स्वतःचं नाव दिलं होतं.

मामा त्या नावाकडे बघतच राहिले. "याला कुणी विचारलं होतं का, चूक सांग म्हणून?"

"नाही. पण लिहून ठेवलीय म्हणून तर आपण शोधू शकतो."

उजेड किती द्यायचा यात मामांची हयात गेली होती. गुरुवारी त्यांनी एकेक आकडा घालून पाहिला, आणि चौदाव्या खेपेला फोटो उजळला. प्लंबरने तो आकडा त्या माणसाला कळवून टाकला. आता जगात जिथे कुठे असा स्कॅनर असेल तिथे मामांचा आकडा चालणार होता. मामा दिवसभर कॉलर ताठ करून फिरले.

शुक्रवारी छत्तीसच्या छत्तीस फोटो स्कॅन झाले. छत्तिसांतही म्हशी. मामांची आशा तिथेच संपली. गप्प बसावं, अट्ठेचाळीस वर्षं बसलोच आहोत, असं त्यांना शनिवारभर वाटत होतं. पण ती टीप डोक्यातून जाईना. कुठला कोण माणूस, आपली चूक नाव घालून सगळ्यांपुढे ठेवतो, आणि आपण सख्ख्या बहिणीपासून बटणांच्या डब्यात लपवतो. मामांना स्वतःची लाज वाटली.

रविवारी ताई निरोप घ्यायला आली, बरोबर भाची. मामांनी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला. अकरावा फोटो. नवरानवरी शेजारी शेजारी उभे, आणि दोघांच्या आरपार एक भलीमोठी म्हैस प्रसन्नपणे बघतेय. भाचीने तोंडावर हात धरला. ताईने पडद्यावर बोट टेकवलं, आणि शिंगावरून हळूहळू सरकवत ती मागच्या चेहऱ्यापर्यंत आली.

"हे बघ ह्यांचे कान," ती म्हणाली. "लग्नात कसे बाहेर आलेले होते. विसरलेच होते मी."

मग ती हसायला लागली. इतकी, की तिला खुर्ची द्यावी लागली. डोळे पुसता पुसता तिने मामांकडे पाहिलं.

"ह्यांना का नाही दाखवलास रे? किती हसले असते."

एवढी वर्षं मामा ताईच्या रागाला भीत होते, आणि राग कुणाला येणारच नव्हता. सगळ्यात मोठ्याने जो हसला असता, तो मात्र न हसताच गेला होता.

भाची समजुतीने म्हणाली की कॉम्प्युटरवर म्हैस पुसून टाकता येईल, पत्तासुद्धा लागणार नाही.

"हात लावू नकोस तिला," ताई म्हणाली. "ती पण आली होती लग्नाला. आणि तू रे, पहिल्यापासून लाव. ह्यांच्या वाटणीचंही हसून घेऊ."

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. मामा दारापर्यंत गेले आणि त्याला थांबायला सांगून आले, अजून पस्तीस बाकी आहेत म्हणून.