डाव्या कानाला सांगितलेलं

प्रफुल्लला हेडफोन नको होता. पण का नको, हे सांगायची सोय नव्हती. म्हणून रविवारी तो मुकाट्यानं बायकोला गाडीवर बसवून मुर्रीहून गोंदियाच्या बाजारात आला आणि नंदलालच्या दुकानासमोर गाडी लावली.

हट्ट समीक्षाचा होता. लग्नाला चार महिने झालेले. नवरा रोज बसनं तिरोड्याला जातो, तिथं एका खाजगी ऑफिसात नागपूरच्या साहेबांच्या मीटिंगा फोनवर ऐकतो आणि घरीही फोन आला की उजव्या कानाला असा दाबून धरतो की कान लाल व्हावा. तिला वाटलं, फोनच धड नाही. "चांगला हेडफोन घेऊ तुम्हाले," ती म्हणाली. "बसमधे गाणे ऐकता येतीन, ऑफिसात सायेब."

बिघाड फोनात नव्हता, प्रफुल्लच्या डाव्या कानात होता. लहानपणी तो कान वाहायचा. कोणी त्यात लसणाचं तेल घातलं, कोणी आणखी काही, आणि वाहून वाहून कान बसला तो कायमचा. त्याची आई रुख्माबाई भलती खमकी. मुलगी पाहायला जायच्या दिवशी तिनं त्याला बजावलं होतं, "एका कानानं काम चालते ना तुह्यं? मंग दुसऱ्याचं सांगाले कायले पाहिजे?" आणि या शहाण्यानं ते ऐकलं. लोक आईबापाचं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देतात. याला तीही सोय नव्हती.

तशी त्याची युक्ती पक्की होती. पंगतीत, मीटिंगमध्ये, लग्नात तो डावीकडचं टोक धरून बसायचा, म्हणजे बोलणारे सगळे उजवीकडे. तरीही एखाद्याचं ऐकू आलं नाहीच, तर हसून मान हलवायची. माणसांचं काय, त्यांना होकार मिळाला की ती खूश असतात. या मान हलवण्यावर त्याची शाळा झाली, नोकरी लागली, लग्न झालं. एकदाच काय ती ही युक्ती त्याच्या गळ्याशी आली.

लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात दोघं गोंदिया जिल्ह्यातल्याच प्रतापगडला फिरायला गेले होते. येताना बसला ही गर्दी. डावीकडचा एक बाक मिळाला. समीक्षाला गाडी लागते, म्हणून खिडकी तिला. म्हणजे ती बसली नेमकी त्याच्या मेलेल्या कानाशी. बसच्या काचा थडथड वाजत होत्या, आणि तेवढ्यात ती बोलायला लागली. नवेगावबांधपासून कोहमाऱ्यापर्यंत बोलत होती. निम्मं खिडकीकडे पाहून, निम्मं मांडीवरच्या पदराकडे पाहून. मध्येच तिचे डोळे भरून आले. शेवटी तिनं त्याच्याकडे पाहून काहीतरी विचारलं, आणि प्रफुल्लनं जन्मभर केलं तेच केलं. हसला आणि मान हलवली.

समीक्षानं त्याचा हात धरला आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून गोंदिया येईपर्यंत झोपली.

त्या दिवसापासून ती बदलली. आधी पाहुण्यासारखी वावरायची, आता घरासारखी वावरू लागली. रोज संध्याकाळी एक गोळी घ्यायची, ती पूर्वी स्वयंपाकघरात तोंड फिरवून घ्यायची, आता त्यालाच म्हणायची, "पाणी द्या जी जरासं." रक्त वाढायची गोळी असेल, असं त्याच्या मनानं घेतलं. आपण बसमध्ये कशाला हो म्हटलं, हे कोडं मात्र त्याला सुटेना. बी.एड. करायचं म्हणत असेल, असा अंदाज बांधून त्यानं एकदा सांगूनही पाहिलं, "तू शिक, माही ना नाही." ती त्याच्याकडे पाहतच राहिली. पुन्हा त्यानं ते नाव काढलं नाही. उद्या विचारू, उद्या सांगू, असं करत करत हा रविवार उजाडला होता.

नंदलालनं काउंटरवर ढीग मांडला. "बस के लिए चाहिए कि ऑफिस के लिए?"

"दोन्हीसाठी," समीक्षा म्हणाली.

"तो ये छोटेवाले मत लो, भाभी. गड्ढे में बस उछली कि एक गया सीट के नीचे. गलेवाला लो, गिरा तो गले में ही रहेगा. और ऑफिस में बाजूवाले बहुत बोलते हैं तो ये बड़ा, पूरा कान ढकनेवाला. लगा के देखो, भैया."

कान झाकणारा तो मोठा हेडफोन प्रफुल्लनं डोक्यावर चढवला. नंदलालनं फोनवर गाणं लावलं आणि मान डोलवू लागला. प्रफुल्लला काहीच ऐकू येईना. गादीसारखं मऊ काहीतरी कानावर दाबलं होतं आणि आत सगळी शांतता. अजून सुरू व्हायचं असेल, असं त्याला वाटलं. पण समोर नंदलाल डोलतोय, बाजूला समीक्षा तोंडाकडे पाहतेय. मग काय, हसला आणि मान हलवली.

"मस्त आहे," तो म्हणाला. "दोन्हीकडून बरोबर येऊन राहिला आवाज."

"पाहू," म्हणत समीक्षानं तो काढून स्वतःच्या कानांवर लावला. क्षणभर ऐकलं. तिच्या कपाळावर आठी पडली. "उजवा तर बंद आहे, भैया. फक्त डावीकडूनच येऊन राहिलं."

नंदलालनं जीभ चावली. दाखवायचा पीस आहे, हजार लोकांनी ओढलाय, नवा काढतो म्हणाला आणि आत गेला.

समीक्षा हेडफोन हातात धरून उभी होती. मग ती हळूच प्रफुल्लच्या डाव्या बाजूला गेली. तो काउंटरच्या काचेत खाली पाहत होता, आता काय थाप मारावी याच्या विचारात. थोड्या वेळानं त्यानं मान वर केली, तर ती त्याच्याकडेच पाहत होती. ती काहीतरी बोलून गेली होती, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. समीक्षानं हेडफोन काउंटरवर ठेवला आणि दुकानाच्या बाहेर पडली.

तो मागोमाग धावला. बाजूच्या बंद दुकानाच्या पायरीवर ती बसली होती.

"तीनदा हळूच हाक मारली मी या कानाशी," ती म्हणाली.

"लहानपणापासून नाही येत ऐकू या कानानं," प्रफुल्ल म्हणाला. "सांगणार होतो."

"ते राहू द्या," ती म्हणाली. "प्रतापगडहून येताना मी बसमधे काय सांगतलं होतं तुम्हाले?"

इथं अजून एक थाप मारता आली असती. काहीतरी गोलमोल बोलून वेळ मारून नेण्यात तो पटाईत होता. पण तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्यानं ते झालं नाही.

"नाही ऐकू आलं मले," तो म्हणाला. "एक शब्दही नाही."

समीक्षानं डोळे मिटले. रडली असती तर प्रफुल्लला बरं वाटलं असतं.

"दोन ठिकाणी जुळता जुळता मोडलं माह्यं," ती शेवटी म्हणाली. "म्हणून आई म्हणे, तिसऱ्याले सांगू नको. पण मले झोप नाही यायची. बसमधे आवाज होता म्हणून तोंड उघडलं मी. आणि तुम्ही हसून मान हलवली. घरी येऊन आईले फोन केला, म्हटलं आई, यांनी सगळं ऐकलं आणि काहीच नाही म्हटलं. आई फोनवर रडली. मंग कोणाले सांगतलं होतं मी ते? खिडकीले?"

प्रफुल्लला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तो पुढे झाला, तिच्या डावीकडे पायरीवर बसला आणि उजवा कान तिच्याकडे केला. "पुन्हा सांग," तो म्हणाला. "तुह्या पाया पडतो."

दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कठीण होतं. आता बसचा आवाज नव्हता आणि समोरचा खरंच ऐकत होता. पण तिनं सांगितलं. शाळेत असताना तिला मिरगी सुरू झाली. वर्गात पडली होती एकदा. आता गोळी सुरू आहे, लग्नाच्या आदल्या वर्षापासून एकदाही फिट आली नाही. डॉक्टर म्हणतात, गोळी चुकवू नको, संसार कर, लेकरं होऊ दे, फक्त आधी आम्हाला विचार. पण कधी येणारच नाही, असं कोणी लिहून देत नाही.

"आणि आली तर काय करायचं, तेही सांगतलं होतं तुम्हाले," ती म्हणाली. "तुम्हाले माहीत आहे, अशा भरवशावर राहिली मी एवढे दिवस."

प्रफुल्लची मान सवयीनं हलायला निघाली होती. त्यानं ती थांबवली.

"काय करायचं?" त्यानं विचारलं.

"कुशीवर वळवायचं. डोक्याखाली मऊ काही द्यायचं. दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. घड्याळ पाहायचं. पाच मिनिटांत नाही थांबली तर दवाखाना."

"कुशीवर. डोक्याखाली उशी. मंग कांदा हुंगवायचा."

"कांदा नाही. चप्पलही नाही. गावातले सगळे हेच करतात. कांदा आणला तर पाहा."

"कांदा नाही," प्रफुल्ल म्हणाला. मग त्यानं पहिल्यापासून सगळं पुन्हा म्हणून दाखवलं, पाढे म्हणावे तसं. एकदा चुकला, तिनं दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा बिनचूक आलं, तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. राग गेला नव्हता. तो एवढ्यात जाणारही नव्हता, आणि का जावा?

दोघं परत दुकानात गेले. नंदलाल नवा हेडफोन पुसून बसला होता. समीक्षानं सरळ सांगितलं, "यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. एका कानाचा दाखवा."

प्रफुल्लला वाटलं होतं, जमीन फाटेल. काही फाटलं नाही. "अरे, तो पहले बोलना था ना," म्हणत नंदलालनं माईक असलेला एका कानाचा हेडफोन काढला आणि दोन्हीकडचा आवाज एकाच बाजूनं यावा, अशी फोनमध्ये सोयही करून दिली. प्रफुल्लनं गाणं ऐकलं. हेडफोनमधलं गाणं आज पहिल्यांदा सगळं त्याच्या कानात आलं. पण त्याचं लक्ष गाण्यात नव्हतं.

मुर्रीच्या रस्त्याला लागल्यावर मागे बसलेली समीक्षा त्याच्या उजव्या खांद्याशी आली. "एक विचारू? रात्री झोपेत आली तर? ऐकू येईन तुम्हाले?"

प्रफुल्लनं गाडी हळू केली आणि कडेला घेतली. तो उजव्या कुशीवर झोपायचा. चांगला कान उशीत दाबला की कुत्री, ट्रक, रेल्वे, सगळं बंद. मेलेल्या कानाचं एवढं एकच सुख त्याला होतं.

"नाही येणार," तो म्हणाला. "आजपर्यंत नसतं आलं. पण आजपासून मी डाव्या कुशीवर झोपतो. चांगला कान वर राहीन."

ती म्हणाली, "मी भिंतीकडे झोपते. तुम्ही डाव्या कुशीवर झोपले तर तोंड माह्याकडे होईन तुमचं."

"होऊ दे."

"चार महिने पाठच पाहून राहिली मी तुमची," समीक्षा म्हणाली, आणि आता तिला रडू आलं.