ठोका कुठे अडतोय

"ड्रमचा ठोका उशिरा पडतोय," वीबके तिसऱ्यांदा म्हणाली.

स्टुडिओवाल्या हार्टमुटने हेरिंग मासळीच्या पावाचा लचका तोडला. "सतरा वर्षांची पोर मला ताल शिकवतेय! शाळेत टिकली नाहीस, निदान इथे तरी गप टिक."

"शाळेतलं घड्याळ तरी वेळेवर चालायचं."

पाच वाजता हॅम्बुर्गच्या दुसऱ्या टोकाला तिची पहिली रेकॉर्ड कापायची होती. एकदा तबकडीवर खाच पडली की पडली. मग ही चूक लोकांच्या घराघरात वाजणार. आणि हार्टमुटचं आपलं एकच, तळघरात नवा कॉम्प्युटर आलाय, वाद्यांना 'आता वाज' सांगणारी नवी पेटी आलीये, चूक होईलच कशी?

"अगं, सेकंदाचा शंभरावा भाग. कुणाला ऐकू येतो?"

"मला. थांब जरा."

कॉम्प्युटरची स्वतःची टिकटिक तिने डाव्या कानात घेतली, ड्रमचा ठोका उजव्या. आधी नुसता ठोका वाजवला. टक. दोन्ही एकदम.

"झालं समाधान?" हार्टमुट हसला.

मग तिने अख्खं गाणं सोडलं. सगळी वाद्यं चालू, कानात मात्र ही दोनच. पहिलं मिनिट, टक. टक. दुसऱ्या मिनिटाला बासचा खर्जातला सूर पिळवटायला लागला, आणि ट-टक. ट-टक. हार्टमुट चावायचा थांबला.

वीबकेचे डोळे पडद्यावर. बासच्या यादीत हजारो ओळी धावत होत्या. आठवडाभर तिने हाताने बासचं बटण पिळलं होतं, ती केसाएवढी प्रत्येक हालचाल कॉम्प्युटरने लिहून ठेवलेली. सगळं एकामागून एक ठोक्याच्याच वायरीतून जाणार, आणि ठोका बिचारा रांगेत मागे.

"म्हणजे तुझीच बोटं, महाराणी! पुसून टाक."

तिची कानशिलं तापली. पण खरंच होतं ते. "नाही पुसणार. गाणं त्याच्यावरच उभंय."

ती पेटीच्या मागे वाकली. आठ भोकं. सात रिकामी. "आठ दारं, आणि सगळ्यांना एकातूनच ढकलतोस?"

"जुन्या पेटीला एकच होतं. दहा वर्षं असंच जोडतोय मी."

"मग दहा वर्षं चुकतोयस."

तिने ड्रम मशीनची वायर उपटली, दुसऱ्या भोकात खुपसली आणि गाणं परत सोडलं. दुसरं मिनिट. बास वेड्यासारखा पिळवटला.

टक.

टक.

टक.

"सव्वातीन वाजलेत," वीबके म्हणाली. "टेप लाव, गाणं भरून घेऊ. आणि आधी मासळीचे हात पूस."

हार्टमुटने पुसले आणि टेप लावली.