पांढऱ्या केसांचा बसू

विणकर नरसय्यामामांच्या हातमागावर माझा भाऊ गळ्यापासून वर येत होता. पहिल्या दिवशी गळा आणि शर्टाची कॉलर आली, दुसऱ्या दिवशी खालचा ओठ. हातमागावर चेहरा विणायचा तर दिवसाला चार बोटं होतात, त्याहून जास्त नाही.

नशेपायी गेलेल्या मुलांच्या घरच्यांचा आमचा एक गट आहे. येत्या रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये त्या मुलांची विणलेली चित्रं लागणार होती आणि प्रत्येक चित्राखाली घरच्यांनी लिहिलेली त्याची गोष्ट. अकरा चित्रं तयार होती. बारावा आमचा बसू. त्याचं लागणार की नाही, हे मात्र ठरलं नव्हतं. अव्वा, आमची आई, म्हणत होती, खाली कावीळ लिही, मग लाव. मी म्हणत होते, कावीळ लिहिणार नाही.

बसू तेविसाव्या वर्षी गुंगीच्या गोळ्यांनी गेला. आमच्या समाजात माणसाला बसवून पुरतात. कपाळाला विभूती लावून त्याला भिंतीशी बसवलं होतं, तेव्हा काशम्मा आत्यानं विचारलं, "काय झालं गं नीलम्मा, एकाएकी?" अव्वा म्हणाली, "कावीळ." दोन वर्षांत ती कावीळ वाढत गेली. तिला मोहोळचा एक वैद्य मिळाला, उशिरा पोचलेलं झाडपाल्याचं औषध मिळालं, बसूचे पिवळे डोळे मिळाले. मी रसायनशास्त्राची पदवीधर. कधीकधी मलाही ते डोळे पिवळे आठवायचे.

फोटोवरून आलेख मीच काढला होता. एक चौकोन म्हणजे एक धागा, रुंदी दोनशे चाळीस चौकोन. भरलेल्या चौकोनात काळा धागा वर येतो, रिकाम्यात पांढरा. त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि माग ते पुठ्ठे वाचत जातो.

दुपारी मी मागाशेजारी बसून राही. पत्र्याच्या फटीतून उन्हाची पट्टी यायची आणि तिच्यात कापसाची तुसं तरंगायची, खाली बसायला विसरल्यासारखी. गल्लीभर यंत्रमागांचा खडखडाट इतका सलग होता, की थोड्या वेळाने तो ऐकूच यायचा नाही. मग डोळा लागायचा. बसूचे डोळे अजून विणायचे होते, त्यामुळे तो माझ्याकडे बघत नसे, पण बोलायचा.

"माझा कान किती चौकोनांचा केलास?"

"एकवीस."

"लहान केलास," तो म्हणायचा आणि हसायचा. हसताना धागे हलायचे नाहीत. मी जागी व्हायचे तेव्हा चेहरा बोटभर वर आलेला असायचा.

शनिवारी कापड मागावरून उतरलं आणि अव्वा आली. उन्हातून चालत आली होती, पण पाणी घेतलं नाही. मामांनी कापड खाटेवर पसरलं. ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

"ह्यो माझा बसू न्हाय."

"अव्वा, असं काय करतेस?"

"पाळण्याची कडी लागली हुती त्याला. खूण डाव्या भुवईत. हितं उजवीत हाय."

मी फोन काढून बघितलं. फोटो बसूने स्वतःच स्वतःचा काढलेला होता, आणि त्याच्या फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखा उलटा फोटो ठेवायचा. कॉलेजात प्रकाशशास्त्राच्या पेपरात मला शंभरपैकी ब्याण्णव होते. बसूच्या भुवईतली फट मी सहा चौकोनांत अचूक बसवली होती, चुकीच्या बाजूला.

"लई शिकली की तुमची पोरगी," मामा अव्वाला म्हणाले. "आमच्या अडाणी मागानं मात्र सांगितलं तेवढंच केलं."

मला रडू यायला लागलं. उद्या सकाळी दहाला सगळे येणार होते.

"थांबा की, अक्का," मामा अव्वाला म्हणाले. "कापडाला पाठ असती."

त्यांनी कापड उलटलं. चादरीसारखं दुहेरी विणलेलं होतं ते. वर काळा तिथे खाली पांढरा, वर पांढरा तिथे खाली काळा. भुवईतली खूण जागच्या जागी आली. पण चेहरा काळाभोर, उन्हात रापल्यासारखा झाला होता, आणि केस पांढरे. मिशी पांढरी. भुवया पांढऱ्या. कुणीतरी आयुष्यभर उन्हातान्हात हिंडून नुकतंच घरी आलं होतं.

अव्वा खाली बसली.

"म्हातारा झाला की हा," ती म्हणाली. "साठीचा तरी असंल."

"पासष्ट," मामा म्हणाले.

"न्हाय हो. त्याचा आप्पा साठीला असाच दिसायचा."

तिने पांढऱ्या केसांवरून हात फिरवला, धाग्यांच्या उलट दिशेने आणि मग सुलट. मामा मागाच्या पलीकडे जाऊन दोऱ्या सोडवत बसले. त्या सोडवायची काही गरज नव्हती.

"ही बाजू लाव," अव्वा म्हणाली.

"आणि खाली काय लिहू?"

"पोरगं हुतं तवर झाकलं. एवढ्या म्हाताऱ्याचं काय झाकू? तेचं तेला झेपतंय आता."

मी वही उघडली. गोळ्यांचं नाव, साल, महिना, सगळं माझ्या मनात तयार होतं. ती मात्र तिथून सुरू झाली नाही.

"लिही. त्या दिवशी बसू दुपारी आला आन् झोपला. लई दिसांनी एवढा शांत झोपला हुता. मी तेच्या अंगावर पांघरूण घातलं. शेजारची पोरं वरडत हुती, तेंना हाकललं. पंखा मोठा केला. दिवेलागणीपतुर मी कुणाला तेला उठवू दिलं न्हाय."

हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या दिवशी कॉलेजात होते. माझं पेन थांबलं. दोन वर्षं ती कावीळ नेमकी काय झाकत होती, ते मला आत्ता दिसत होतं.

"अव्वा, हे नको लिहायला. तुझी काही चूक नव्हती."

"मी चूक म्हटली का? झालं ते सांगितलं. मला झोपलाय वाटलं, तेबी लिही."

मी लिहिलं. तिने मला ते दोनदा वाचून दाखवायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना ती माझ्याकडे बघत नव्हती. कापडाकडे मान वळवून, त्याला नीट ऐकू येतंय ना हे बघत होती.